डी-सातच्या पेपरवरचं नाव

समोर असताना मी त्यांना 'सर' म्हणायचे, अहो-जाहो करायचे, आणि ते खोलीत आले की खुर्चीवरून उठायचे. इथे मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. त्याचे केस पांढरे झालेत, त्याच्या पाया पडणारे अजून आहेत, हे मला माहीत आहे. तरी तोच. एवढा हक्क मी कमावलाय.

तो कॅन्सरवरच्या अँटिबॉडींचा मोठा संशोधक. त्याची लॅब मुळशीत, आमच्या घरामागच्या टेकडीवर, एका खासगी संस्थेत होती. ती टेकडी पूर्वी आमच्याच भावकीची. चुलत्यांनी विकली, बंगले बांधले, गाड्या घेतल्या. आमच्या वाट्याला भाताची खाचरं आणि ओढ्याच्या कडेला बांधलेल्या काही खोल्या राहिल्या. त्या खोल्यांत लवळ्याच्या कॉलेजातली पोरं भाड्याने राहायची. आमच्या भागात टेकडी विकली की आधी कुंपण येतं, मग पाटी, आणि मग वॉचमन आपल्यालाच विचारतो, कुठे चाललात. मी एमएस्सी होऊन तिथे नोकरीला लागले तेव्हा वॉचमनने मलाही विचारलं. मी गळ्यातलं ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. फार बरं वाटलं होतं तेव्हा.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा राग त्यातूनच आलाय. अँटिबॉडी म्हणजे शरीरात तयार होणारं एक प्रथिन. ते एकाच गोष्टीला ओळखतं आणि तिला चिकटून बसतं. कॅन्सरच्या पेशीला चिकटेल आणि निरोगी पेशीला शिवणार नाही अशी अँटिबॉडी सापडली, तर तिच्यापासून औषध करता येतं. ती शोधण्याचं काम भयंकर कंटाळवाणं. उंदराच्या पेशी वाढवायच्या, छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये वाटायच्या, प्रत्येक खळग्यातलं पाणी तपासायचं, नापास ते फेकायचं, पास ते पुन्हा वाटायचं. आई तांदूळ निवडते तसंच, फक्त इथे एकच दाणा ठेवायचा आणि बाकीचं सूप ओतून द्यायचं. पेशींना सुट्टी कळत नाही. वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी मी नदीवरून आले, साडी बदलली, टेकडी चढले आणि पेशींना नवं खाद्य घालून परत आले.

डी ओळीतल्या सातव्या खळग्यात ती सापडली. म्हणून तिचं नाव डी-सात. कॅन्सरच्या पेशींवर ती अशी घट्ट बसायची की मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करून पाहिलं, माझाच विश्वास बसेना. त्याला बोलावलं. त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, 'शाब्बास' म्हणाला, आणि 'आपल्याला सापडली' असं कोणाला तरी फोनवर सांगत बाहेर गेला. त्या 'आपल्याला'मध्ये मीही आहे असं मी धरून चालले.

पेपर छापून आला तेव्हा मला कळलं, मी नाही. आमच्या क्षेत्रात पेपरवरच्या नावांचा क्रम ठरलेला असतो. ज्याच्या हातांनी काम झालं त्याचं नाव पहिलं, ज्याची लॅब त्याचं शेवटचं, आणि मधे बाकीचे. शेवटचं नाव त्याचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पहिलं नाव होतं त्याच्या मित्राच्या मुलाचं. तो मुलगा परदेशी जाण्याआधी आमच्या लॅबमध्ये एसीत बसायला यायचा. मी कुठे होते? शेवटी, बारीक अक्षरांत, आभारांमध्ये. 'तांत्रिक साहाय्याबद्दल.' फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बरोबरीने.

मी केबिनमध्ये गेले. तो चिडला नाही, उलट समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, त्याला बाहेर जायचंय, त्याला पेपर लागतो. तू तर इथलीच आहेस. तुला कुठे जायचंय?"

हे वाक्य मी आजपर्यंत जपून ठेवलंय.

वर मला काहीतरी द्यावं असं त्याला वाटलं असावं. मी नोकरी सोडली त्या दिवशी त्याने डी-सातच्या पेशींच्या दोन कुप्या कोरड्या बर्फात घालून, रीतसर पत्र देऊन माझ्या हातात ठेवल्या. "घेऊन जा. तुझंच बाळ आहे," म्हणाला. नाव द्यायचं नाही आणि बाळ म्हणायचं! मी डबा घेतला आणि 'थँक यू सर' म्हणाले. तेव्हा मला दुसरं काही बोलता येत नव्हतं.

घरी आईला कसं समजावून सांगावं हा प्रश्न होता. पण तिला माझ्या लॅबमधल्या मुलींपेक्षा लवकर समजलं. मी म्हटलं, "आई, लग्नपत्रिकेत नावं असतात ना, तसं."

"पत्रिकेतनं नाव गाळलं?" आई ताडकन म्हणाली. "मंग बोलाया काय उरलं?"

आमच्याकडे लग्नपत्रिकेतला नावांचा क्रम म्हणजे थट्टेचा विषय नाही. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, कोण 'निमंत्रक' आणि कोण नुसतं 'व्यवस्थापक', यावरून आमच्या गावात सख्ख्या भावांची बोलचाल बंद झालीय. मोठ्या चुलत्याने मुलीच्या पत्रिकेत माझ्या वडिलांचं नाव घातलं नाही. घाईत राहिलं म्हणे. मांडव आमच्याच अंगणाला लागून होता. वडील लग्नाला गेले नाहीत. बँड वाजत होता, पंगती उठत होत्या, आणि वडील घरात बसून पिठल्यात भाकरी कुस्करत होते. चुलत्याने माणूस पाठवला, मग स्वतः आला. वडील म्हणाले, "छापून आन, मग येतो." मरेपर्यंत त्यांनी त्या घरचं पाणी घेतलं नाही. आमची जमीन बरीच गेली, पण हा राग मात्र माझ्याकडे पूर्ण आला. मी त्यांचीच मुलगी आहे.

मला पुण्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं. रोज बावधनवरून जायचं, चांदणी चौकात अडकायचं, आणि अडकल्या अडकल्या त्याला मनात शिव्या द्यायच्या. दर दिवाळीत मी त्याची प्रकाशनांची यादी उघडून वाचायचे. ती त्याच्या संस्थेच्या वेबसाइटवर होती आणि दर वर्षी लांब होत होती. डी-सात आणि स्तनाचा कॅन्सर, डी-सात आणि अंडाशयाचा, डी-सातला औषध जोडून, डी-सात उंदरांना टोचून. लोक दिवाळी अंक वाचतात, मी ती यादी वाचायचे. कुठेच माझं नाव नव्हतं. फराळ कडू लागायचा, पण वाचल्याशिवाय राहवायचं नाही.

मग एकदा हॉस्पिटलमध्ये मी माझ्या कुपीतल्या पेशी जागवल्या, डी-सात तयार केली आणि वेगवेगळ्या निरोगी अवयवांच्या स्लाइडवर लावून पाहिली. डी-सात जिथे चिकटते तिथे स्लाइड तपकिरी होते. किडनीची स्लाइड तपकिरी झाली. निरोगी किडनी. मी पुन्हा केलं, दुसऱ्या माणसाच्या किडनीवर केलं, लॅबमधल्या दुसऱ्या बाईकडून करवून घेतलं. तपकिरीच. म्हणजे हे औषध माणसाला दिलं तर ते कॅन्सरबरोबर त्याच्या चांगल्या किडनीलाही जाऊन धरणार होतं.

पण त्याच्या त्या पहिल्या पेपरमध्ये तर किडनीचं चित्र होतं, आणि ते स्वच्छ होतं. मी तो पेपर काढला. इतकी वर्षं मी त्यातली फक्त नावं पाहिली होती, चित्रं नीट पाहिलीच नव्हती. किडनीच्या त्या चित्रात, काचेवर पसरलेल्या किडनीच्या पातळ कापाला एका कोपऱ्यात घडी पडलेली होती. ती घडी मी ओळखली, कारण ती माझ्या हातून पडली होती. ती माझी तुलनेसाठीची स्लाइड होती, जिच्यावर मुद्दाम डी-सात लावलेलीच नसते. लावलीच नाही तर तपकिरी कशी होणार? किडनीवर डी-सात लावायचं काम माझ्याकडे नव्हतं; ती खरी स्लाइड कोणी केली नाही, किंवा केली आणि दडवली. तुलनेची स्लाइड उचलून चित्रात बसवली आणि खाली लिहिलं, किडनी निर्दोष.

मी त्याला ईमेल केला. एका ओळीचं उत्तर आलं: 'हात सुधार.' मी जर्नलला लिहिलं. त्यांनी कळवलं की लेखकांना विचारलं, लेखकांचं उत्तर समाधानकारक आहे, विषय संपला. मी लेखक नव्हते. मी फ्रिजवाल्याच्या शेजारची होते. शेवटी माझा किडनीचा निष्कर्ष एका छोट्या जर्नलमध्ये छापला. तो कोणी वाचला नाही. त्याने तर नाहीच, कारण ज्या पेपरवर स्वतःचं नाव नाही तो पेपर तो वाचत नाही.

पुढे एका औषध कंपनीने डी-सात घ्यायची ठरवली. माणसांवर चाचण्या होणार होत्या. आणि नेमकी त्याच दिवाळीत त्याची टाकी सुकली.

पेशी द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवतात. तो नायट्रोजन उडत राहतो, वरून भरत राहावं लागतं. त्याच्या लॅबमध्ये टाकीला कुलूप होतं आणि चावी फक्त त्याच्या खिशात. दुसऱ्या कोणावर विश्वास ठेवायचा तर त्याला श्रेय द्यावं लागतं ना! तो भाषणांसाठी परदेशी गेला, चावी खिशातच गेली. कुलूप तोडायची कोणाची हिंमत झाली नाही. तो परत येईपर्यंत आतलं सगळं मेलं होतं. डी-सातची जनुकं वाचून ठेवली असती तर ती पुन्हा बनवता आली असती, पण ते काम तो दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत आला होता. कंपनीला पेशी हव्या होत्या. जगात त्या आता फक्त माझ्याकडे होत्या.

भातझोडणी चालू होती म्हणून मी रजा काढून घरी होते. अंगणात पेंढा पसरला होता. त्याची पांढरी गाडी आली आणि पेंढ्यावर चाकं चढवून उभी राहिली. तो उतरला, हातात काजूकतलीचा डबा. टेकडीवरून खाली आमच्या घरी तो आजवर एकदाही आला नव्हता.

आई सूप बाजूला ठेवून उठली. "तुमीच का त्ये सर?"

"हो, नमस्कार. मी—"

"माज्या पोरीचं नाव गाळलंत त्ये?"

तो हसला. मोठ्या माणसांना खेडवळ बाईचं असं बोलणं गमतीचं वाटतं. आईने त्याला ओट्यावर बसवलं आणि बिनसाखरेचा चहा दिला. साखर घरात होती.

त्याने टाकीची हकिगत सांगितली. हॉस्पिटलमार्फत पत्रव्यवहार नको, घरातली गोष्ट घरात राहू दे, म्हणाला. एक कुपी दे, पुढच्या पेपरमध्ये तुझं दुसरं नाव घालतो.

मी म्हणाले, "नवीन नको सर. जुना. पहिल्या पेपरला शुद्धिपत्र काढा. पहिलं नाव माझं."

त्याने चहाचा घोट घेतला. मला वाटलं उठून जाईल. पण त्या पेपरवर जेवढं खायचं तेवढं त्याचं खाऊन झालं होतं. मित्राचा मुलगा केव्हाच परदेशात नोकरी सोडून धंद्यात पडला होता. नाव गेल्याने त्या मुलाला काय फरक पडणार होता! तो म्हणाला, "ठीक आहे. खरं तर तेव्हाच करायला हवं होतं." आणि चहाचा कप खाली ठेवताना सहज म्हणाला, "आणि ते तुझं किडनीचं वगैरे... आता पेपर तुझाच होणार म्हटल्यावर तो विषयही मिटला, नाही का?"

त्या क्षणापर्यंत मला खरोखर फक्त नाव हवं होतं. देवाशपथ. पण तो हे बोलला आणि मला दिसलं की हा सगळ्या जगाला स्वतःसारखं समजतो. आपलं नाव असलेल्या पेपरला कोणी हात लावेल हे त्याच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उठून त्याच्या चहात स्वतः साखर घातली.

"हो सर," मी म्हणाले. "फक्त शुद्धिपत्रात एक वाक्य घाला. अँटिबॉडी शोधण्याचं आणि पेपरमधल्या सगळ्या स्लाइड करण्याचं काम पहिल्या लेखिकेने केलं, असं."

"अवश्य," तो म्हणाला. त्याला ते वाक्य फुकटातलं वाटलं.

तो गेल्यावर आई पेंढ्यावरच्या चाकांच्या खुणांकडे बघत म्हणाली, "छापून आनतोय का?"

"आणतोय."

"मंग तुज्या बापावानी करू नगंस. आलं की घे."

शुद्धिपत्र आलं. पहिलं नाव माझं, शेवटचं त्याचं, आणि ते वाक्य जसंच्या तसं, त्याच्या सहीनिशी. मी ते पान छापून घरी नेलं. इंग्रजी अक्षरं आईला वाचता येत नाहीत, म्हणून तिने माझं नाव कुठून कुठपर्यंत आहे ते बोटाने दाखवायला लावलं. मग पौडला जाऊन ते फ्रेम करून आणलं आणि वडिलांच्या फोटोशेजारी लावलं. खोल्यांतली पोरं बोलावून तिने ती फ्रेम दाखवली. मी आठवडाभर रोज जर्नलच्या वेबसाइटवर माझं नाव पाहिलं. इतकी वर्षं मी याच्यासाठी जळत होते, आणि ते मिळाल्यावर खरंच गोड लागलं. कोणाला वाटेल मी हे नाटक म्हणून केलं, तर तसं नाही. ते नाव मला ठेवायचं होतं.

कुपी मी शब्द दिल्याप्रमाणे दिली. रीतसर, हॉस्पिटलमार्फत, पावती घेऊन. आणि त्याच दिवशी जर्नलला, त्याच्या संस्थेला आणि कंपनीला पत्र पाठवलं. 'मी या पेपरची पहिली लेखिका. सोबत जोडलेल्या शुद्धिपत्रानुसार यातल्या स्लाइड मी केल्या आहेत. किडनीचं चित्र हे माझ्या तुलनेच्या स्लाइडचं आहे, त्यावर डी-सात लावलेली नव्हती. निरोगी किडनीवर डी-सात चिकटते, त्याचा माझा छापील पुरावा सोबत आहे. मूळ स्लाइड मागवाव्यात.' रुग्णांची काळजी होती म्हणून लिहिलं, असं सांगितलं तर मी चांगली दिसेन. काळजी होतीच. पण पत्र लिहिताना मला रुग्ण आठवत नव्हते, 'तुला कुठे जायचंय' हे आठवत होतं.

या वेळी विषय संपला असं कोणी कळवलं नाही. लेखकांना विचारतो म्हणायला आता लेखिका मीच होते. त्याने फोन केला. आधी ओरडला, मग गयावया करू लागला. "अगं, तुझंही नाव आहे त्यावर! तुझं स्वतःचं नुकसान होईल, कळतंय का तुला?"

"कळतंय सर," मी म्हणाले. "पण मी इथलीच आहे. मला कुठे जायचंय?"

मूळ स्लाइड तो दाखवू शकला नाही. कंपनीने माघार घेतली. पहिला पेपर मागे घेतला गेला, आणि त्याच्या आधारावर उभे असलेले पुढचे पेपर एकेक करून तपासायला घेतले गेले. या दिवाळीत मी त्याची यादी उघडायला गेले तर ते पान वेबसाइटवर नव्हतं. मी दोनदा पाहिलं. मग चकली खाल्ली, आणि ती कुरकुरीत होती.

माझ्या बढतीच्या मुलाखतीत समितीतल्या बाईंनी विचारलं, "हा मागे घेतलेला पेपर तुमचा?" मी म्हणाले, "हो, पहिलं नाव माझं." बढती झाली नाही. पुढेही होईल असं वाटत नाही. माझं नाव कुठेही शोधलं की तो पेपर सर्वात आधी येतो. त्यावर लाल अक्षरांत आडवं लिहिलेलं असतं, मागे घेतला. मला जे झोंबतं ते वेगळंच आहे. किडनीचं चित्र खोटं होतं, पण डी-सात खोटी नव्हती. कॅन्सरच्या पेशीवर ती बसायचीच. त्या स्लाइड खऱ्या होत्या, वडिलांच्या दहाव्यालाही टेकडी चढून जगवलेल्या पेशींतून केलेल्या. पेपर मागे घेतात तेव्हा निवडून घेत नाहीत, त्याच्या खोट्याबरोबर माझं खरंही गेलं. आता डी-सातवर कोणी काम करणार नाही. मी ते पत्र पुन्हा लिहीन का? उद्या सकाळी लिहीन.

परवा मी फ्रेम उतरवायला स्टुलावर चढले. आई मागून म्हणाली, "काय काडतीयास?"

मी तिला सांगितलं. पेपर खोटा ठरला, आता त्याच्यावर लाल शिक्का आहे.

"शिक्का मारल्यावं नावं खोडत्यात?"

"नाही. नावं तशीच राहतात. कायमची."

"त्येचंबी?"

"त्याचंही."

"मंग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. तिने खोलीतल्या पोराकडून तांबडं स्केचपेन मागून आणलं आणि माझ्या हातात दिलं. "शिक्का तेवडा काड वरनं. अर्दवट कशाला लावायचं?"

मी फ्रेमची काच काढली आणि दोन्ही नावांवरून आडवी लाल अक्षरं लिहिली. मग ती पुन्हा वडिलांच्या फोटोशेजारी लावली. ती अजून तिथेच आहे.